पायी वारीला निघताय? आधी पिशवी काट्यावर ठेवा

मृगाचा पाऊस पडला, पेरणी उरकली की वडवणी परिसरातल्या गावांमध्ये दरवर्षी तेच प्रश्न सुरू होतात. बूट घ्यावेत की चप्पलच बरी? गोधडी न्यावी का? मामा म्हणतात छत्री हवीच, शेजारच्या काकू म्हणतात छत्रीचा काडीचा उपयोग नाही. पुण्याहून आलेला भाचा मोबाइलवर महागडा तंबू दाखवतो. पहिल्यांदाच पायी पंढरपूरला निघणाऱ्याचा या सल्ल्यांनी गोंधळ उडतो आणि काही राहायला नको म्हणून तो सगळेच बरोबर घेतो. मग तिसऱ्या मुक्कामी खांदे भरून येतात आणि निम्मे सामान कुणाच्या तरी टेम्पोत टाकायची वेळ येते.

म्हणून खरेदीला बाजारात जाण्याआधी हा लेख वाचा. यातल्या बऱ्याच वस्तू तुमच्या घरात आधीपासूनच आहेत.

सामानाआधी दिंडी ठरवा

काय न्यायचे, हे तुम्ही कुणाबरोबर चालणार यावर ठरते. आपल्या भागातून साधारण हे पर्याय आहेत:

- गावची दिंडी. थेट पंढरपूरला जाते. माणसे ओळखीची असतात आणि दिवस कमी लागतात. मात्र वाटेवर मोठ्या पालख्यांसारख्या सोयी मिळतीलच असे नाही, त्यामुळे पाणी आणि निवारा यांची तयारी स्वतःची हवी.
- संत मुक्ताबाईंची पालखी. मुक्ताईनगरहून निघते आणि बीड शहरात मुक्कामाला येते. महिनाभर चालणे जमत नसेल, तर बीडपासून सामील होता येते.
- संत एकनाथांची पालखी. पैठणहून निघून आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिम भागातून, पाटोद्याच्या बाजूने पुढे जाते.
- आळंदी किंवा देहूची पालखी. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. सोयी सर्वांत जास्त आणि गर्दीही सर्वांत जास्त. आळंदीच्या पालखीत पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा एकच टप्पा तीस किलोमीटरच्या आसपास जातो.
- शेगावची गजानन महाराजांची पालखी. परळी, अंबाजोगाईकडून जाते. पण ती संस्थानच्या शिस्तीत, ठरलेल्या वारकऱ्यांसह चालते. ऐन वेळी पिशवी घेऊन सामील व्हायची ही वारी नव्हे.

दिंडी पक्की करताना दिंडीचालकांना चार गोष्टी स्पष्ट विचारा. भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, किती आणि तिच्यात काय काय येते, दोन वेळचे जेवण की चहा-नाश्ताही? सामानाला ट्रक किंवा टेम्पो आहे का, आणि माणशी किती सामान चालते? झोपायला राहुटी मिळेल की जागा आपली आपण शोधायची? परतीची गाडी भिशीत धरली आहे का? हे विचारायला संकोच वाटतो, विशेषतः दिंडीचालक महाराज असले की. पण नंतर वाटेत कुरबुर करण्यापेक्षा आधी विचारलेले बरे.

एकादशीची तारीख बघून सामान बदला

ही गोष्ट फार थोडे जण लक्षात घेतात. आषाढी एकादशी २०२५ मध्ये ६ जुलैला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने ती २५ जुलैला. या दोन वर्षांच्या वाऱ्या सामानाच्या दृष्टीने वेगळ्या आहेत. एकादशी लवकर असेल, तर चालणे जूनच्या उत्तरार्धात येते. मराठवाड्यात तेव्हा पाऊस ओढ देतो आणि ऊन रणरणते. अशा वर्षी टोपी किंवा उपरणे, जादा पाणी आणि ओआरएस याला महत्त्व द्या. एकादशी जुलैअखेर असेल, तर भिजण्याची आणि चिखलाची तयारी ठेवा. गेल्या वर्षी जाऊन आलेल्या माणसाचा सल्ला घेताना त्या वर्षी एकादशी कधी होती, हेही त्याला विचारा.

दोन पिशव्या, एक हिशेब

सामानाला गाडी असेल तर दोन पिशव्या करा. सकाळी निघाल्यापासून रात्री मुक्कामाला पोहोचेपर्यंत जे लागेल, तेवढेच पाठीवर. बाकीचे ट्रकमध्ये. सकाळी ट्रक पुढे निघून गेला की संध्याकाळपर्यंत त्यातली वस्तू हाताला लागत नाही. तेव्हा रोजची गोळी, चष्मा किंवा पावसाचा कागद ट्रकमधल्या पिशवीत ठेवू नका.

पाठीवरची पिशवी पाण्यासह चार ते पाच किलोच्या आत ठेवा. भरलेली पिशवी ओळखीच्या किराणा दुकानात नेऊन काट्यावर ठेवा. घरी हलकी वाटलेली पिशवी काट्यावर सात किलो भरते, हा नेहमीचा अनुभव आहे. मग एकेक वस्तू बाहेर काढायची. सहसा आधी जाड टॉवेल निघतो, मग तिसरा ड्रेस, मग स्टीलचा डबा.

पिशवी विकत घ्यायचीच असेल तर वीस-पंचवीस लिटरची, रुंद आणि भरलेल्या पट्ट्यांची घ्या. छातीवर बांधायचा छोटा पट्टा असला तर उत्तम, कारण पिशवी हलत नाही आणि टाळ वाजवायला दोन्ही हात मोकळे राहतात. मुलाचे जुने दप्तर चांगले असेल तर तेही चालेल. एका खांद्यावरची झोळी दिसायला साजरी, पण दोन दिवसांत मान धरते. गिर्यारोहणाच्या साठ लिटरच्या पिशव्या घेऊ नका. जागा दिसली की माणूस भरतोच. डोक्यावर तुळशीवृंदावन घेणाऱ्या महिलांनी पाठीवर पाण्याच्या बाटलीपलीकडे काही ठेवू नये.

पाय: पैसे खर्च करायचे तर इथे

बाकी सगळ्या वस्तूंत काटकसर करा, पायताणात करू नका. वारी अर्धवट सोडून एसटीने परतणाऱ्यांपैकी बरेच जण पायांपायीच परततात.

माझे मत विचाराल तर पावसाळी वारीला मागे पट्टा असलेले, जाड तळाचे सँडल सर्वांत चांगले. बूट एकदा आतून भिजले की दोन दिवस वाळत नाहीत आणि ओल्या बुटात पाय उकडल्यासारखा होतो. साधी अंगठ्याची चप्पल चिखलात रुतते, पट्टा तुटतो आणि ती पायात टिकवण्यासाठी बोटे सतत आवळून धरावी लागल्याने पोटऱ्या दुखतात. घोटा कमजोर असेल किंवा डॉक्टरांनी सांगितले असेल, तर बूट घाला. पण मग मुक्कामासाठी हलकी चप्पल बरोबर हवी.

खरेदी करताना हे सांभाळा:

- दुकानात संध्याकाळी जा. दिवसभराच्या वावराने पाय थोडे फुगलेले असतात, वारीतही ते फुगणारच.
- बुटाच्या पुढच्या टोकाला अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी.
- तळाच्या खाचा फार खोल नकोत. मुक्काम बहुतेक वेळा शेतात असतो, आणि काळ्या रानातला चिखल खोल खाचांत बसला की पाऊल उचलवत नाही.
- नवे पायताण घालून थेट निघू नका. निदान पंधरा दिवस आधी घ्या आणि शेतात, बाजारात, सगळीकडे तेच घाला.

एखाद्या रविवारी गावाजवळची बालाघाटाची डोंगरवाट चढून उतरा. उतारावर अंगठा पुढे आपटतो का, टाच कुठे घासते, हे तिथेच कळते. तोवर दुकानातून बदलूनही घेता येते. रहदारीच्या रस्त्यावर, विशेषतः धारूरच्या घाटात, सराव करू नका. तिथली वळणे वाहनांनाच अवघड आहेत.

रोज सकाळी निघण्यापूर्वी टाचेला, बोटांच्या मध्ये आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा. जिथे घासायला लागल्यासारखे वाटते, तिथे फोड येण्याआधीच औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी चिकटपट्टी लावा. फोड आलाच तर त्याची कातडी सोलून काढू नका. लहान असेल तर झाकून ठेवा. मोठा असेल तर आरोग्य पथकाकडून स्वच्छ करून घ्या. मधुमेह असणाऱ्यांनी फोडाला स्वतः सुई लावायचीच नाही, आणि रोज रात्री तळपाय उजेडात तपासायचे. पायाला संवेदना कमी असल्या की जखम झालेली कळतही नाही. मुक्कामाला पोहोचल्यावर पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसल्या तर चिखल्या होत नाहीत.

पाऊस: अंग भिजले तरी चालेल, पिशवी नको

छत्रीबाबत काकूंचे बरोबर आहे. गर्दीत छत्रीच्या काड्या दुसऱ्याच्या डोळ्यात जातात, वाऱ्यात ती उलटते आणि एक हात कायमचा अडकतो. रेनकोट बरा, पण चालताना आत घाम साचतो. सर्वांत सोयीचा प्रकार म्हणजे डोक्यातून घालायचा सैल पोंचो, जो पाठीवरच्या पिशवीवरूनही उतरतो. तो नसेल तर वारीत सर्रास दिसणारे मेणकापड किंवा प्लास्टिकचा जाड कागद घ्या. बसायला, पांघरायला, सामान झाकायला तोच उपयोगी पडतो.

पिशवीवरच्या पावसाळी आवरणावर विसंबू नका. पाणी पाठीच्या बाजूने आत शिरतेच. पिशवीच्या आत जाड, मोठी प्लास्टिकची थैली घाला आणि सगळे कपडे तिच्यात ठेवून तोंड पिळून दुमडा. खताच्या गोणीतली थैली घरात फुकट असते हे खरे, पण कपड्यांना आणि खाण्याच्या वस्तूंना ती वापरू नका.

कपडे तीन जोड पुरेत: एक अंगावर, एक वाळत, एक कोरडा रात्रीसाठी. रात्रीचा जोड काहीही झाले तरी दिवसा घालायचा नाही. शुद्ध सुती कापड घाम छान शोषते, पण पावसाळ्यात वाळता वाळत नाही. टेरिकॉटचा सदरा लवकर वाळतो. जाड टॉवेलऐवजी पंचा घ्या. तो डोक्याला बांधता येतो, अंगही पुसता येते.

अंथरूण, ताडपत्री आणि तो महागडा तंबू

गोधडीवर आपला जीव असतो, पण ती घरीच राहू द्या. एकदा भिजली की तिचे वजन उचलवत नाही आणि ती चार दिवस ओलीच राहते. एक प्लास्टिकची चटई आणि एक सोलापुरी चादर एवढे पुरते. थंडी सोसत नसेल तर बारीक घोंगडी ट्रकमधल्या पिशवीत ठेवा.

दिंडीत राहुटी मिळणार असेल तर तंबू घेऊ नका. पाच-सहा जण मिळून स्वतंत्र जात असाल, तर तंबूआधी ताडपत्रीचा विचार करा. ताडपत्रीवर जीएसएम लिहिलेले असते, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम वजन. बारा बाय पंधरा फुटांची ताडपत्री १२० जीएसएमची असेल तर साधारण दोन किलो भरते, २५० जीएसएमची चार किलोच्या वर. सोयाबीनची गंज झाकायला जाड ताडपत्री हवी, वारीला पातळ चालते. कडेची छिद्रे धातूच्या कड्यांची आहेत का आणि दोरी किती मिळते, एवढे बघून घ्या. नेमके काय न्यायचे आणि ते गाडीत कसे रचायचे, हे आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांइतके कुणाला कळत नाही. त्यांच्यावर तो प्रसंग हौसेने येत नाही, ही गोष्ट वेगळी. पण ताडपत्री कशी ताणायची आणि पाणी कोणत्या बाजूला काढायचे, हे त्यांना जरूर विचारा.

तंबू घ्यायचाच ठरला, तर दुहेरी कापडाचा घ्या. एकेरी कापडाच्या तंबूत श्वासाची वाफ आतून जमते आणि पहाटे अंगावर टपकते, मग तो गळतोय असे वाटते. ‘दोन माणसांचा’ लिहिलेल्या तंबूत एक माणूस आणि त्याची पिशवी एवढेच नीट मावते. घेतल्यावर घराच्या अंगणात लावा आणि वरून दोन कळशा पाणी ओता. गळला तर बिल हातात आहे तोवर परत करता येतो. मुक्कामी लावताना सखल जागा, ओढ्याचा काठ आणि एकटे झाड टाळा. तंबूच्या आत स्टोव्ह पेटवू नका.

उजेडासाठी डोक्याला बांधायची बॅटरी सर्वांत चांगली. रात्रीच्या लाइटीवर पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्यांच्या घरात ती असतेच. पहाटे अंधारात लांब जाताना हात मोकळे राहतात आणि पायाखालचे जनावर दिसते.

औषधे आणि पाणी

- रोजच्या गोळ्या वारीच्या दिवसांपेक्षा पाच दिवस जास्तीच्या घ्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये आणि झेरॉक्स पिशवीत.
- ओआरएसची पाकिटे. मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळायचे. अंदाजाने अर्धे टाकले की प्रमाण चुकते. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.
- तापाची गोळी, जंतुनाशक मलम, कापूस, पट्टी, चिकटपट्टी.
- मधुमेह असेल तर खिशात साखर किंवा गोळ्या-बिस्किटे. इन्सुलिन ट्रकमध्ये ठेवू नका, बंद गाडीत ते तापून निकामी होते.

पाण्याची एक लिटरची एकच बाटली घ्या, पण रुंद तोंडाची, म्हणजे टँकरवर लवकर भरते आणि धुता येते. पाण्याबद्दल शंका असेल तर क्लोरिनची गोळी किंवा थेंब टाका आणि अर्धा तास थांबा. तेवढा वेळ थांबत कुणी नाही, हीच अडचण आहे.

महिलांनी पॅड पुरेसे घ्यावेत आणि ते कोरड्या थैलीत ठेवावेत. आडोशासाठी एक जुनी साडी किंवा गडद ओढणी, सुरक्षित पिना आणि गाठ मारायला सुतळी फार कामाला येते. अंघोळीला उघड्यावर जावे लागेल हे धरून गाऊन किंवा परकर वेगळा ठेवा.

मोबाइल, पैसे आणि एक कार्ड

दहा हजार एमएएचची पॉवर बँक पुरते. रोख रक्कम थोडी वरच्या खिशात आणि बाकीची आतल्या खिशात ठेवा. सोन्याचे काहीही अंगावर नको.

सर्वांत महत्त्वाची वस्तू मात्र गळ्यातले कार्ड. जाड कागदावर नाव, गाव, तालुका, घरचे दोन मोबाइल नंबर, रक्तगट, आजार आणि दिंडीचा क्रमांक लिहा आणि कार्डावर प्लास्टिक चढवून घ्या. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीत दिंड्यांना रथापुढे अमुक आणि रथामागे तमुक असे क्रमांक असतात. नुसते ‘क्रमांक १२’ लिहिले तर चुकामूक झालेला माणूस चुकीच्या टोकाला पोहोचतो. ‘रथापुढे’ की ‘रथामागे’ हे लिहायलाच हवे. फोनचे चार्जिंग संपते आणि आजकाल घरचा नंबर कुणाला पाठ नसतो.

तुमचे हक्क

खरेदीत. बिल मागा. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी लावून दुकानदाराची सुटका होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. वस्तू वापरून खराब केली असेल तर मात्र हा हक्क सांगू नका.

वाटेत. मोठ्या पालखी मार्गांवर आरोग्य विभागाची पथके मोफत तपासणी आणि औषध देतात. अंगावर काढून पुढच्या गावी बघू म्हणू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. निर्मल वारीची फिरती शौचालये मुक्कामी असतात, ती वापरा. राज्य महिला आयोगाच्या ‘आरोग्यवारी’ उपक्रमात महिलांसाठी पॅडची सोय केली जाते. आयुष्मान कार्ड काढले असेल तर बरोबर ठेवा.

अपघात झाल्यास. २०२३ मध्ये शासनाने वारकऱ्यांसाठी तीस दिवसांचे विमा छत्र जाहीर केले होते: मृत्यूनंतर कुटुंबाला ५ लाख, कायमच्या अपंगत्वासाठी १ लाख आणि उपचारासाठी ३५ हजारांपर्यंत. रक्कम आणि अटी त्या त्या वर्षीच्या शासन निर्णयावर अवलंबून असतात, म्हणून निघण्याआधी तहसील कार्यालयात चालू वर्षाचा आदेश विचारा. २०२४ मध्ये पालख्यांबरोबरच्या दिंड्यांना प्रत्येकी २० हजार रुपये जाहीर झाले. असा लाभ नोंद असलेल्या दिंडीलाच मिळू शकतो, तेव्हा आपली दिंडी नोंदलेली आहे का, हा प्रश्नही दिंडीचालकांना विचारा. सामानाच्या गाडीला गेली काही वर्षे टोलमाफी मिळते, पण त्यासाठी पोलीस ठाण्यातून किंवा परिवहन कार्यालयातून पास आधी घ्यावा लागतो. नाक्यावर हुज्जत घालून काही होत नाही.

परतताना

एकादशीनंतर पंढरपूरच्या बसस्थानकावर पाय ठेवायला जागा नसते. गावातले चाळीस किंवा त्याहून जास्त प्रवासी एकत्र असतील, तर एसटी महामंडळ आषाढीला थेट गावातून जादा गाडी देते. माजलगाव, धारूर किंवा बीडच्या आगारात आठ-दहा दिवस आधी अर्ज करा आणि परतीचेही तेव्हाच बोलून घ्या. ७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत, ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मे भाडे, महिलांनाही निम्मे. वयाच्या सवलतीसाठी आधार कार्ड दाखवावे लागते, म्हणून ते ट्रकमधल्या पिशवीत न ठेवता गळ्यातल्या कार्डाच्या मागे प्लास्टिकमध्ये सरकवून ठेवा.